पणजोबांचं खोगीर, पुढून आणि मागून

सासरच्या घरात पाऊल टाकलं की आधी खोगीर दिसतं, माणसं मागाहून. दिवाणखान्याच्या समोरच्या भिंतीतून एक जाड लाकडी दांडा बाहेर काढलेला होता आणि त्यावर ते बसवलेलं, दाराकडे तोंड करून. निदान सासऱ्यांच्या मते ते तोंड होतं. दोन्ही अंगांना चौकटीतले पाच फोटो. घरातल्या पाच पुरुषांना त्यांच्या पहिल्या वाढदिवशी त्याच खोगिरावर बसवून काढलेले. सगळ्यात जुना सासऱ्यांच्या वडिलांचा, सगळ्यात नवा माझ्या नवऱ्याचा. पाचही फोटोंत पोर भोकाड पसरून रडतंय. लग्न ठरण्याआधी मी पहिल्यांदा त्या घरी गेले तेव्हा सासऱ्यांनी मला एकेका फोटोपाशी नेऊन समजावलं की हे रडणं नव्हे, हा आवेश आहे. रक्तातून येतो.

माझ्या हातात चहाचा कप होता आणि लग्न अजून व्हायचं होतं, म्हणून मी मान हलवली. पण मी खोगिरं शिवणाऱ्याची मुलगी. वडिलांच्या दुकानात लोकरीच्या पोत्यावर झोपून लहानाची मोठी झालेली. मला दारातूनच दिसलं होतं की या घरात तीन पिढ्या उलट्या बसल्या आहेत. घोड्याच्या शेपटाकडे तोंड करून.

खोगिराला पुढची बाजू असते आणि मागची असते. पुढे, घोड्याच्या खांद्यांवर, एक अरुंद कमान. मागे, बसणाऱ्याच्या कमरेला टेकू द्यायला, रुंद आणि उंच काठ. ज्याला कळत नाही त्याला तो उंच काठच पुढचा वाटतो, कारण तो भारदस्त दिसतो, आणि त्या घरात जे भारदस्त दिसेल ते पुढे ठेवायची पद्धत आहे. बिचाऱ्या पोरांना अरुंद टोकावर टेकवून भारदस्त काठाकडे तोंड करायला लावलेलं. ते टोक बुडाला टोचणार नाही तर काय होणार. आवेश तिथून येत होता.

गल्लीत सासऱ्यांना 'सरदार' म्हणतात. तो मान आहे असं त्यांना वाटतं. नगरपालिकेत जन्म आणि मृत्यूचे दाखले देण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि स्कूटरवर मागे बसलं तरी त्यांना गरगरतं. पण घोडेस्वारी घराण्याची आहे, त्यासाठी स्वतः घोड्यावर बसायची गरज नाही असं त्यांचं म्हणणं. खोगीर त्यांच्या आजोबांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या पणजोबांचं. पणजोबांच्या स्वाऱ्या दर वर्षी थोड्या वाढतात. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी एक नदी पोहून पार केली होती. माझी मुलगी चालायला लागेपर्यंत तीन नद्या झाल्या आणि तिसरीला पूर आला.

मुलीला घरात सगळे ठमाबाई म्हणतात, कारण ती तशीच आहे. गुबगुबीत, ठाम आणि मनाविरुद्ध उचललं की दगडासारखी जड होणारी. तिच्या पहिल्या वाढदिवसाला खोगीर खाली उतरवायचं कुणाला सुचलं नाही. मुलीचा काय फोटो काढायचा खोगिरावर, असं कुणी बोललं नाही, इतकं ते ठरलेलं होतं. मी वाईट वाटून घेतलं नाही. तिच्या बुडाचं भलं झालं.

त्याच सुमारास माझ्या वडिलांनी दुकान बंद केलं. डोळ्यांनी साथ सोडली होती. त्यांची आरी, सुया, दोऱ्याची रिळं, मेणाचे गोळे आणि गुडघ्यांत धरायचा लाकडी चिमटा एका ट्रंकेत भरून त्यांनी माझ्याकडे पाठवला. सासऱ्यांनी ती ट्रंक बघून विचारलं, यात काय आहे. मी म्हटलं, माहेरच्या वस्तू. ते ऐकून त्यांना बरं वाटलं. चामड्याची वस्तू भिंतीवर असणं ही शान, पण चामडं मांडीवर घेऊन शिवणं हे त्यांच्या लेखी वेगळं प्रकरण होतं. सुनेचे वडील काय करायचे असं कुणी विचारलं तर ते 'व्यवसाय होता' एवढंच सांगत.

शहराच्या टोकाला घोडेस्वारी शिकवणारा एक तबेला आहे. तो चालवणाऱ्या बाईंची खोगिरं पंचवीस वर्षं वडीलच बघत आले होते. दुकान बंद झाल्यावर बाईंनी दोन जणांकडे काम देऊन पाहिलं आणि दोघांनीही घोड्यांच्या पाठी सोलवटून ठेवल्या. वडिलांनी फोनवर त्यांना माझ्याबद्दल सांगितलं. बाई म्हणाल्या, तुमच्या मुलीला मी फ्रॉकमध्ये पाहिलीय, तिचं काम पाहिलेलं नाही; एक खोगीर अथपासून इतिपर्यंत स्वतःच्या हातानं करून दाखवू दे, मग माझी सोळाच्या सोळा तिची.

सोळा खोगिरं. हे ऐकलं त्या दुपारी मी ठमाबाईला थोपटत होते आणि थोपटता थोपटता माझी बोटं आपोआप टाका घालायच्या चालीवर पडायला लागली. मूल झाल्यापासून माझे हात दिवसभर कामातच होते, पण त्यांतलं एकही काम संध्याकाळी दिसायला शिल्लक राहत नव्हतं. लंगोट धुतला की ओला होतो, वाटी भरली की रिकामी होते. शिवण राहते. मला ते काम हवं होतं. इतकं हवं होतं की कुणाजवळ बोलायची भीती वाटायची.

पण दाखवायला खोगीर कुठून आणायचं? वडिलांकडची सगळी मालकांकडे परत गेली होती. माझ्या हाताच्या अंतरावर जगात एकच खोगीर होतं, आणि ते भिंतीवर चढून बसलं होतं.

ते खाली उतरवलं वाचनालयानं. वाचनालयाच्या नव्या दालनात शहरातल्या जुन्या घराण्यांच्या वस्तू मांडायच्या ठरल्या आणि चिटणीस स्वतः घरी आले. बरोबर समितीतले चौघे होते; त्यांनी चहा घेतला, माना हलवल्या, पुन्हा चहा घेतला. खोगीरभरती म्हणजे काय हे मला लहानपणापासून ठाऊक, लोकर दाबून दाबून माझी नखं गेलीत त्यात. पण लोक तो शब्द माणसांना का लावतात ते मला त्या दिवशी उमगलं. चिटणीस म्हणाले, वस्तू उत्तम आहे, फक्त नियमाप्रमाणे कुणातरी जाणकाराची दोन ओळींची शिफारस लागेल. तबेल्याच्या बाई तीन आठवड्यांनी येऊन पाहून जातील.

मी कुणी न मागता चिटणिसांना तिसरा चहा ओतला.

पाहुणे गेल्यावर सासरे म्हणाले, जरा पुसून घ्यायला हवं. सासूबाई स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, सूनबाई पुसेल. एवढ्यावर ते काम माझं झालं. 'पुसणं' हा त्यात मोठा सोयीचा शब्द होता. सुनेनं खोगीर दुरुस्त करणं शोभत नाही, पण सुनेनं कितीही पुसावं.

मी मागच्या खोलीत पुसायला बसले. ठमाबाई दुपारी दीड तास झोपते, कधी पावणेदोन. तेवढ्यात जे होईल ते.

जवळून पाहिलं तर त्या खोगिरानं या घरात फार सोसलं होतं. पूर्वी कधीतरी घरातल्या दारांना लावून वार्निश उरलं होतं, ते सासऱ्यांनी हौसेनं खोगिराला फासलं होतं. त्यानं चामड्याचा श्वास कोंडला आणि वरून नुसतीच चकाकी राहिली. चकाकीला बारीक भेगा पडून आता पापुद्रे सुटत होते. त्या भेगांतून दर महिन्याला तेलाचं बोट फिरवलेलं. चामड्याचं नव्हे, तळणीचं. त्यावर धूळ बसून खरपूस थर तयार झालेला. वर्षातून एकदा गच्चीवर कडक उन्हात वाळवायचे, म्हणजे उरलासुरला ओलावाही जावा. पणजोबांना शत्रूनं इतकं छळलं नसेल.

स्पिरिटमध्ये कापूस बुडवून मी वार्निश काढायला घेतलं. जोर लावायचा नाही, नाहीतर वार्निशबरोबर चामड्याची सालही येते. एका दुपारी तळहाताएवढा तुकडा साफ व्हायचा. खालून गडद चहाच्या रंगाचं, दाट चामडं वर यायला लागलं, आणि पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा मी ठमाबाईला उठवून दाखवणार होते, इतका मला आनंद झाला. मग ग्लिसरीनचा साबण. ओलसर स्पंज, पाणी जवळजवळ नाहीच. फेस झाला तर पाणी जास्त झालं. मग सावलीत वाळवणं. मग तेल, तेही आतल्या खरखरीत बाजूनं, थोडं थोडं, जसं ठमाबाईला औषध पाजतात तसं. एकदम दिलं तर थुंकते.

तेल देताना काही दुपारी ती झोपायचीच नाही. मग मी तिला जवळ बसवून एक कोरडा ब्रश द्यायचे. ती गंभीर चेहऱ्यानं स्वतःच्या पोटाला ब्रश करायची. लोकर भरायला घेतली त्या दिवशी तिनं मूठभर लोकर तोंडात कोंबली आणि ती काढून घेतल्यावर असा काही आवेश दाखवला की सासरे बाहेरून म्हणाले, रक्त बोलतंय.

जुनी शिवण मी जवळजवळ सगळी उसवली. दोऱ्याला हात लावला की पीठ व्हायचं. खोगिराची शिवण दोन सुयांनी घालतात. एका भोकातून दोन सुया, एक इकडून, एक तिकडून. एक दोरा तुटला तरी दुसरा धरून राहतो. चिमटा गुडघ्यांत धरला, आरीनं पहिलं भोक पाडलं, आणि दोन्ही हात बाजूला ओढून टाका आवळला, तेव्हा दोरा जो करकरला तो आवाज मी अडीच वर्षं ऐकला नव्हता. सासूबाई मागून कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, आज पुसणं जोरात चाललंय. मग ठमाबाई जागी झाली तरी आणायला मला बोलावलं नाही, स्वतःच घेऊन बसल्या.

राहता राहिल्या रिकिबी. पाय ठेवायच्या त्या लोखंडी कड्या खोगिरावर खणखणतात म्हणून कुणीतरी केव्हाच काढून ठेवल्या होत्या. एक माळ्यावर सापडली. दुसरीनं इतकी वर्षं न्हाणीघराचं दार उघडं धरून ठेवलं होतं. दोन्ही घासून, नवे पट्टे शिवून मी त्या जागच्या जागी अडकवल्या आणि तिथेच घोटाळा झाला. रिकिबी लागतात पुढच्या कमानीजवळ. खोगीर नेहमीसारखं भिंतीवरच्या दांड्यावर चढवलं, तर त्या लोंबायला लागल्या पार मागे, भिंतीजवळ. पणजोबा तसे बसत असतील तर पाय पाठीमागे घेऊन, रांगल्यासारखे बसत असणार.

सासऱ्यांनी चष्मा पुसला, परत लावला आणि म्हणाले, कड्या चुकीच्या जागी लावल्यास.

मी दार लोटून घेतलं आणि त्यांना हळू आवाजात सांगितलं. म्हटलं, बाबा, कड्या बरोबर आहेत, खोगीर उलटं आहे. फिरवून ठेवू, बाई येतील त्यांच्या लक्षात येईल, त्यापेक्षा आपणच आधी केलेलं बरं. मी जितकं मऊ बोलता येईल तितकं बोलले. त्यांनी खोगिराकडे पाहिलं, मग पाच फोटोंकडे, एकेका फोटोवर थांबून. मला वाटलं, आता बसतात खाली. ते चप्पल घालून फिरायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते प्रसन्न होते. रात्रीतून त्यांना आठवलं होतं. पणजोबा मागे तोंड करूनच बसत. त्यांची ती खास बैठक होती. पाठलाग करणाऱ्या शत्रूवर नजर राहावी म्हणून. घोडा इतका शिकवलेला की पुढचं तो बघून घ्यायचा.

नवऱ्याकडे मी पाहिलं. माझा नवरा भला माणूस आहे. कुठल्याही दोन माणसांचं भांडण झालं तर तो दोघांशीही सहमत असतो. तो म्हणाला, तसंही असू शकतं.

सासूबाई कणीक मळत होत्या. त्या कणकेला म्हणाल्या, "म्हणजे शत्रू कायम मागेच असायचा वाटतं."

सासऱ्यांनी ते ऐकलं नाही. ते चिटणिसांना फोन लावत होते. चिटणीस खूश झाले; साधं खोगीर कुठेही मिळतं, पण उलट्या बैठकीचं मिळणार नाही. चार दिवसांत पितळी पाटी कोरून तयार झाली: 'पाठलाग करणाऱ्या शत्रूवर नजर ठेवण्यासाठी मागे तोंड करून बसण्याची या घराण्याची खास बैठक.' पळून जाण्याबद्दल इतकी सुंदर पाटी मी दुसरी पाहिलेली नाही.

मला हसू यायला हवं होतं आणि येत नव्हतं. तीन आठवड्यांच्या दुपारी मी त्या खोगिरात शिवल्या होत्या, आणि आता ते बाईंसमोर उलटं मांडलं जाणार होतं. बाई विचारणार, काम कुणाचं? मी म्हणणार, माझं. आणि त्या काय समजणार, खोगिराचं तोंड न कळणाऱ्या मुलीनं ते शिवलंय. गप्प बसले तर सोळा खोगिरं गेली. बोलले तर सासऱ्यांची तीन पिढ्यांची शान गेली, आणि मला राहायचं होतं त्याच घरात, त्याच पाच रडणाऱ्या तोंडांखाली.

मी शेवटचं नवऱ्याला विचारलं, तुला काय वाटतं? तो म्हणाला, तुझंही बरोबर आहे.

बाई ठरल्या दुपारी आल्या. साठीच्या, उन्हानं रापलेल्या, पायांत गुडघ्यापर्यंतचे बूट, आणि ते काढायला वेळ लागतो म्हणून दारातच दोन मिनिटं पायपुसण्यावर पाय घासत राहिल्या. बरोबर चिटणीस, हातात कागदात गुंडाळलेली पाटी. मी ठमाबाईला कडेवर घेऊन कोपऱ्यात उभी. मी लहान असताना बाईंनी मला पाहिलं होतं, पण कुठल्या घरी दिलीय ते त्यांना ठाऊक नव्हतं.

सासऱ्यांनी तिन्ही नद्या सांगितल्या. मग खास बैठक सांगितली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. तोंडावरची एक रेघ हलली नाही. घोड्यांशी बोलणाऱ्या माणसांना ते जमत असावं. मग त्या खोगिराशी गेल्या, वाकल्या, बाजूचा पदर उचलून आतली शिवण पाहिली. अंगठ्याचं नख टाक्यांवरून सरकवलं. बैठकीवर तळवा दाबला आणि लोकर कशी वर येते ते पाहिलं. खाली वाकून, मान वाकडी करून, पोटाकडची बाजू पाहिली. मी ठमाबाईला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"शिवण कुणाची?"

सासरे पटकन म्हणाले, "बाहेरून कारागीर बोलावला होता. जुना माणूस आहे."

ते त्यांनी विचार करून म्हटलं नसेल. मी कोपऱ्यात उभी आहे हेही त्यांच्या ध्यानात नसेल. सहज, जसं पाहुण्यांसमोर फाटका टॉवेल मागे सरकवतात तसं त्यांनी मला मागे सरकवलं.

बाई सरळ झाल्या. "त्याला म्हणावं, शिवण एक नंबर आहे. अशी आता मिळत नाही. पण मी त्याला माझ्या तबेल्यात पाऊल टाकू देणार नाही. ज्याला खोगिराचं तोंड कुठं ते समजत नाही, त्याच्या भरवशावर मी घोडा कसा देऊ?"

चिटणिसांनी पाटी दुसऱ्या हातात घेतली.

सासरे म्हणाले, ही खास बैठक. बाई म्हणाल्या, हो, ऐकलं मी.

मी तीन पावलं पुढे गेले आणि ठमाबाईला सासऱ्यांच्या हातात दिलं. मूल हातात आलं की माणूस ते धरतो, त्याला दुसरं काही करता येत नाही. तिनं लगेच त्यांचा चष्मा पकडला. मी खोगिराखाली दोन्ही हात घातले, उचललं, फिरवलं आणि दांड्यावर ठेवलं. रिकिबी झुलून पुढच्या अंगाला आल्या आणि थांबल्या.

"शिवण माझी आहे बाई," मी म्हटलं. "भरतीही माझी. उलटं ठेवणं माझं नाही."



बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. "वडिलांचं नाव सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "दोऱ्याचं शेवटचं टोक आत वळवून दडवायची खोड एकाच माणसाची होती. सोमवारी गाडी पाठवते. आधी चार घे, ती झाली की बाकीची."

ठमाबाई चष्म्याची काडी चावत होती. मग चिटणिसांनी फार अदबीनं विचारलं की पाटीचं काय करायचं, उद्घाटन परवावर आलंय, अक्षरं तर कोरून झालीत. बाई म्हणाल्या, तुमच्या पाटीचं मला काही माहीत नाही. घोडा ज्या बाजूला जातो त्या बाजूला माणूस बघतो, बहुतेक वेळा. आणि त्यांनी कागदावर दोन ओळी लिहून दिल्या: खोगीर जुनं आणि अस्सल आहे, दुरुस्ती उत्तम आहे. सासऱ्यांबद्दल त्यांत एक शब्द नव्हता. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

आता खोगीर वाचनालयात आहे. ते सरळ आहे आणि पाटी उलटी बैठक सांगते. दोन्ही समितीनं मंजूर केलेलं असल्यामुळे बदलता येत नाही. शाळेची मुलं पाटी वाचतात, खोगिराकडे बघतात, पुन्हा पाटी वाचतात, आणि मग मागे तोंड करून दालनभर चालत सुटतात. चिटणीस सांगतात, सगळ्यांत जास्त गर्दी त्याच वस्तूपाशी असते.

सासऱ्यांनीही मार्ग काढला. एक तर, आल्यागेल्याला ते सांगायला लागले की खोगीर मुळात बरोबरच होतं, घरातल्या बायकांनी झाडताना पुसताना केव्हातरी फिरवून ठेवलं. दुसरं म्हणजे, ते पाचही फोटो घेऊन फोटोवाल्याकडे गेले आणि आरशात दिसतात तसे उलटे छापून आणले. पूर्वी पाचही जण डावीकडे तोंड करून शेपटाकडे जात, आता उजवीकडे तोंड करून शेपटाकडेच जातात. रडणं तेवढंच आहे.

माझ्याशी ते आठ दिवस बोलले नाहीत. जे बोलायचं ते ठमाबाईमार्फत. आईला सांग, आमटीत मीठ नाही. आईला सांग, कुणीतरी बेल वाजवतंय. ठमाबाईला तेव्हा चार शब्द येत होते आणि त्यांतले दोन मांजराबद्दल होते, पण ती माझ्याकडे येऊन अतिशय महत्त्वाच्या चेहऱ्यानं काहीतरी सांगायची. मी तिला म्हणायचे, आजोबांना सांग, घालते.

सोमवारी गाडी आली. बाईंच्या माणसानं चार खोगिरं उतरवून मागच्या खोलीत मांडली आणि खोलीभर घामाचा, घोड्याचा, जुन्या साबणाचा वास पसरला. सासरे दिवाणखान्यात पेपर मोठा उघडून बसले होते. रिकाम्या दांड्यावर त्यांनी तोवर आपली टोपी अडकवली होती.

दुपारी ठमाबाईला झोपवून मी पहिल्या खोगिराची शिवण उसवत बसले होते, तेव्हा सासूबाई आल्या. पाट ओढून समोर बसल्या. बायकांनी फिरवलं, हा आळ गेले आठ दिवस त्यांच्या डोक्यावर होता. शेजारणीनं कालच विचारलं होतं की अहो, तुम्हीच का त्या. मला त्यांची माफी मागायची होती आणि कशी मागावी सुचत नव्हतं. मी म्हटलं, आई, माझ्यामुळे तुमच्यावर आलं.

त्या म्हणाल्या, "मला लग्न झालं त्याच वर्षी कळलं होतं."



त्यांच्या माहेरासमोर पोलिसांचे घोडे बांधायचे. रोज सकाळी खोगिरं चढवताना त्या गॅलरीतून बघायच्या. या घरात आल्या, पहिल्यांदा फडका घेऊन भिंतीवरचं खोगीर झाडलं आणि त्यांना समजलं. मग त्यांनी आपल्या मुलालाही त्यावर उलटं बसवू दिलं, रडताना बघितलं आणि कॅमेऱ्याकडे बघून हसल्या. चौतीस वर्षं त्या ते खोगीर झाडत होत्या, तेलाचं बोट फिरवत होत्या, आणि दर वेळी उलटंच ठेवत होत्या, कारण तसंच ठेवायचं असतं.

"मग बोलला का नाहीत, आई?"

"बोलून काय करायचं होतं?" त्यांनी मेणाचा गोळा उचलून हुंगला. "माझ्याकडे कुठं सोळा खोगिरं होती."

त्या रागावून बोलल्या नव्हत्या. दूध नासलं म्हणून सांगावं तसं त्यांनी सांगितलं आणि मला म्हणाल्या, हा दोरा मेणातून ओढतात कसा, ते दाखव. मी दाखवलं. दोरा ताणून धरायचा, मेण अंगठ्याखाली, एका दमात ओढायचा. त्यांचा पहिला दोरा गाठी गाठी झाला. दुसऱ्यावर मेण एकीकडेच चढलं. बाहेरून सासऱ्यांची हाक आली, चहाचं काय झालं, आणि सासूबाई उठतील म्हणून मी वाट पाहिली. त्या तिसरा दोरा उजेडात धरून बघत होत्या.

"त्यांना सांग," त्या म्हणाल्या, "पुसतेय."